कर्करोगाचे औषध घरी आल्यावर



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या नावाने बोलण्यासाठी शाळेने माझ्यासारख्या वैद्यकातल्या माणसाला बोलावले, याचा आनंद आहे आणि थोडा संकोचही आहे. या व्यासपीठावरून संतसाहित्य, मराठवाड्याचा इतिहास, हैदराबादेतील मराठी शिक्षणाची वाटचाल अशा विषयांवर आपण विद्वानांची भाषणे ऐकली आहेत. त्या मानाने माझा विषय रूक्ष. रुग्णालयात दाखल न होता, घरून ये-जा करून उपचार घेणारा कर्करोगी आपल्या गोळ्या कितपत नेमाने घेतो, आणि घेत नसेल तर का घेत नाही, हा तो विषय. चिठ्ठी लिहून दिली, औषध आणले, पाण्याबरोबर गिळले, यात तासभर बोलण्यासारखे काय आहे, असे काहींना वाटेल. परंतु याच साध्या दिसणाऱ्या गोष्टीपाशी अनेकांचे प्राण अडकलेले असतात, म्हणून तो निवडला.

तीसेक वर्षांपूर्वी किमोथेरपी हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे वॉर्ड येई. खाट, सलाईनची बाटली, शिरेत खुपसलेली सुई आणि दर अर्ध्या तासाने डोकावणारी सिस्टर. त्या व्यवस्थेत त्रास पुष्कळ होता, पण एक सोय होती. औषध शरीरात गेले की नाही, किती गेले, किती वाजता गेले, याची नोंद रुग्णाच्या पायथ्याशी लटकत असे. आता कर्करोगाची अनेक औषधे गोळीच्या रूपाने मिळतात आणि ती घरी, फडताळात, जिऱ्या-मोहरीच्या डब्यांशेजारी ठेवली जातात. सिस्टरचे काम रुग्णाकडे किंवा त्याच्या सुनेकडे येते. ते काम त्यांना कोणी शिकवले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

गोळ्या अगदीच नव्या आहेत असे मात्र नव्हे. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील मर्कॅप्टोप्युरिन १९५३ पासून वापरात आहे. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मेथोट्रेक्सेटचा इतिहास तर आपल्या शेजारचा. भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधन करीत होते, आणि त्यांच्या चमूने तयार केलेल्या फोलिक आम्लविरोधी द्रव्यांतूनच सिडनी फार्बर यांनी १९४८ साली मुलांच्या ल्युकेमियाला प्रथमच काही काळ माघार घ्यायला लावली. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. तेलुगू शाळांत त्यांचे नाव घेतले जाते; मराठी शाळांतही घ्यायला हरकत नसावी. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन सत्तरच्या दशकात आले. पण गोळीने उपचाराचे चित्रच पालटले ते २००१ साली, इमॅटिनिब या औषधाने. त्याच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण औषधाच्या नेमाचा प्रश्न इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

रक्ताच्या कर्करोगाचा एक मंदगती प्रकार आहे, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. पूर्वी या रुग्णांतील बहुतेकांचा आजार काही वर्षांत उग्र रूप धारण करी आणि मग फारसे काही हाती राहत नसे. या रोगात दोन गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत अदलाबदल होऊन एक दोषी जनुक तयार होते आणि ते पेशींना अखंड वाढीचा हुकूम देत राहते. इमॅटिनिब नेमका तो हुकूम थांबवते. रोज एकदा, जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासह. पहिल्या मोठ्या चाचणीतील इमॅटिनिब घेणाऱ्या रुग्णांची दहा वर्षांनंतरची आकडेवारी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्यातील सुमारे ८३ टक्के हयात असल्याचे दिसले. ज्यांनी जुना काळ पाहिला, त्यांना हा आकडा अजूनही नवलाचा वाटतो.

मग उरलेल्यांचे काय झाले, आणि काहींच्या बाबतीत औषध अपुरे का पडले? लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० साली याचे एक उत्तर दिले. कित्येक वर्षे इमॅटिनिब घेत असलेल्या ८७ रुग्णांना त्यांनी एक खास बाटली दिली. तिच्या झाकणात एक इलेक्ट्रॉनिक चकती होती. झाकण उघडले की तारीख आणि वेळ तीत नोंदली जाई. तीन महिने ही नोंद चालली. दर चार रुग्णांमागे एकाने, किंवा किंचित अधिक जणांनी, ९० टक्के किंवा त्याहून कमी मात्रा घेतल्या होत्या. मग रक्ततपासणीशी ताळा केला. दोषी जनुकाचे प्रमाण मुळाच्या एक हजारांशाइतके खाली आणणे हे या उपचाराचे महत्त्वाचे उद्दिष्ट असते. ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत ते गाठण्याची शक्यता ९४.५ टक्के निघाली. ९० टक्के वा कमी घेणाऱ्यांत २८.४ टक्के. ८० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांपैकी एकालाही ते साधले नाही.

मित्रहो, ९० टक्के म्हणजे परीक्षेत उत्तम गुण. इथे त्याचा अर्थ महिन्याला तीन गोळ्या चुकणे, एवढाच आहे. एक लग्नाच्या धामधुमीत राहिली, एक प्रवासात बॅग वरच्या फळीवर असल्यामुळे, आणि एक पोटात मळमळत होते म्हणून. तिन्ही कारणे समजण्यासारखी आहेत. रुग्णाला त्यापायी काही जाणवतही नाही; ताप येत नाही, वेदना होत नाही, तो कामावर जातो. रक्तात मात्र औषधाची पातळी खाली येते, दबलेल्या पेशींना तेवढा अवकाश मिळतो, आणि पुढल्या तपासणीत आकडा वर गेलेला दिसतो. तेव्हा तो आणि त्याचा डॉक्टर दोघेही समजतात, की औषध निकामी झाले. मग अधिक महागाच्या, अधिक तीव्र औषधाकडे वळले जाते, आणि फडताळातल्या तीन गोळ्यांचा विषय निघतच नाही.

मुलांच्या बाबतीतही असेच आढळले आहे. रक्ताच्या कर्करोगातून सावरलेल्या मुलाला पुढे दोनेक वर्षे रोज मर्कॅप्टोप्युरिन द्यावे लागते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांनी ९५ टक्क्यांहून कमी मात्रा घेतल्या, त्या मुलांत रोग उलटण्याचा धोका बराच अधिक दिसला. मुलगा हसतोखेळतो आहे, केस पुन्हा आले आहेत, शाळेत जातो आहे, अशा वेळी रोज संध्याकाळी त्याच्या मागे गोळी घेऊन धावणाऱ्या आईचे काम केवढे आहे, हे यावरून लक्षात यावे.

आता शब्दांविषयी थोडे. इंग्रजीत पूर्वी यासाठी ‘कम्प्लायन्स’ म्हणत, म्हणजे आज्ञापालन. पुढे तो शब्द मागे पडून ‘अ‍ॅडहिअरन्स’ आला, म्हणजे धरून राहणे. बदल चांगल्या हेतूने झाला, कारण आज्ञा मोडणारा तो अपराधी हा भाव पहिल्या शब्दात होता. आपल्याकडे पथ्यपाणी हा जुना शब्द आहे, परंतु त्यात खाण्यापिण्याचाच विचार अधिक. मी नेम म्हणेन. नेम माणूस आपल्या मनाने धरतो, आणि चुकला तर त्याचे त्यालाच लागते.

हा नेम मोडतो कशाने? आपल्या देशात पहिले कारण पैसा समजले जाते, आणि ते खोटे नाही. इमॅटिनिबच्या मूळ कंपनीच्या औषधाला महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये लागत, तर आपल्याच हैदराबादच्या नॅटकोसह भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळू लागले. पेटंटचा तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने मूळ कंपनीचा दावा फेटाळला. त्याआधी मार्च २०१२ मध्ये यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिबसाठी देशातला पहिला सक्तीचा परवाना याच नॅटकोला मिळाला. महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून आठ हजार आठशेवर यायचा होता. या शहराने त्याबद्दल अभिमान बाळगायला हरकत नाही. पण आठ हजार आठशे रुपये ही रक्कमही नांदेड-बिदरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला दर महिन्याला कुठून आणायची? गोळी फुकट मिळाली, तरी गाडीभाडे, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज आणि शहरातला मुक्काम हे खर्च राहतातच. मग घरातल्या घरात एक हिशेब सुरू होतो. महिन्याच्या गोळ्या दीड महिना पुरवायच्या, एक दिवसाआड घ्यायच्या. काटकसर हा आपल्याकडे सद्गुण आहे. त्या सवयीने तो माणूस औषधही पुरवून पुरवून वापरतो.

तरीही पैसा हे सारे उत्तर नव्हे. उत्तर कॅलिफोर्नियात विमाधारक असलेल्या, स्तनाच्या कर्करोगाच्या ८,७६९ स्त्रियांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांच्या संप्रेरकविरोधी गोळ्या ठरल्याप्रमाणे, पूर्ण काळ आणि पूर्ण मात्रेत घेतलेल्या स्त्रिया त्यांत ४९ टक्के भरल्या. म्हणजे अर्ध्याहूनही कमी, आणि त्याही अशा व्यवस्थेत, जिथे औषध मिळण्याची मोठी अडचण नव्हती. या गोळ्यांनी सांधे दुखतात, अंगातून गरम वाफा निघतात, झोप मोडते. रोग तर दिसत नाही. दिसतो तो फक्त गोळीचा त्रास. बरे वाटत असलेल्या माणसाने पाच-पाच, कधी दहा वर्षे स्वतःला रोज थोडे बरे न वाटू देणे, ही मागणी लहान नाही. ती आपण करतो, हे डॉक्टरांनी निदान मोकळेपणाने बोलून तरी दाखवावे.

आपल्या समाजाचे म्हणून एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत अधिक बोचते. वडिलांना घेऊन मुलगा येतो. वडील तपासणीच्या खोलीत असतात तेवढ्यात तो हळूच म्हणतो, “डॉक्टरसाहेब, बाबांना काही कळू देऊ नका हं. शक्तीच्या गोळ्या आहेत म्हणून सांगितलंय.” हेतू प्रेमाचाच असतो. पण पुढे काय होते ते पाहा. पंधरा दिवसांनी बाबांच्या तोंडाची चव जाते, तळपाय सोलवटतात, जुलाब होतात. शक्तीच्या गोळ्यांनी अशक्तपणा येतो, असा त्यांचा रास्त निष्कर्ष होतो, आणि ते गोळ्या बंद करतात. कधी घरच्यांना सांगून, बहुधा न सांगता. त्यांना बोल कसा लावायचा? आजाराचे नाव लपवायचे आणि नेमाची अपेक्षा करायची, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. सत्तरी गाठलेल्या, दुष्काळ पाहिलेल्या, मुलींची लग्ने केलेल्या माणसाला सत्य झेपणार नाही हे आपण कशावरून ठरवतो, असे मी अशा मुलांना विचारतो. बहुतेक वेळा सांगितल्यावर वडील म्हणतात, “मला ठाऊकच होतं.”

लपवण्याचा दुसराही एक प्रकार आहे. नव्या सुनेची टॅमॉक्सिफेनची पट्टी साडीच्या घडीत जाते. उपवर मुलीची आई औषधाचे वेष्टन फाडून साध्या डबीत गोळ्या भरते. पाहुणे आले की त्या दिवशी डबी बाहेर निघत नाही. पाहुणे आपल्या घरी चार-चार दिवस राहतात.

आतापर्यंत मी कमी घेण्याविषयी बोललो. अधिक घेणे हाही नेमभंगच, आणि तो अधिक लवकर जीव घेऊ शकतो. बेल्जियममध्ये २००९ साली इमॅटिनिबच्या १६९ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात अगदी तंतोतंत मात्रा घेणारे १४ टक्के निघाले, पण जवळजवळ १५ टक्क्यांनी सांगितल्यापेक्षा जास्त गोळ्या घेतल्या होत्या. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत हा प्रमाद भयंकर ठरतो. तंबाखूने आपल्या भागात तोंडाच्या कर्करोगाचा जो कहर केला आहे, त्यावर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने स्वस्त गोळ्यांचा एक उपचार तपासून पाहिला आणि २०२० साली त्याचे निष्कर्ष जगापुढे ठेवले. रोग पसरलेल्या वा उलटलेल्या ४२२ रुग्णांत, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब घेणारे सरासरी साडेसात महिने जगले, तर शिरेतून सिस्प्लॅटिन घेणारे सहा महिन्यांच्या थोडे वर. घरी राहून, कमी खर्चात आणि कमी त्रासात. अशा रुग्णांसाठी हे मोठेच काम झाले. परंतु त्यातला ‘आठवड्यातून एकदा’ हा शब्द ज्याला कळला नाही आणि ज्याने ती गोळी रोज घेतली, त्याच्या तोंडात व्रण पडतात, रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होतात आणि आठ-दहा दिवसांत तो अत्यवस्थ होऊ शकतो. कॅपेसिटाबिनचेही तसेच. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, आणि मग सात दिवस पूर्ण विश्रांती. ही विश्रांती हाही उपचाराचाच भाग असतो. उरलेल्या गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून जो ती मोडतो, तो स्वतःला इजा करून घेतो.

हेही ध्यानात ठेवावे, की नेम म्हणजे डोळे मिटून गिळत राहणे नव्हे. कॅपेसिटाबिन चालू असताना जुलाब थांबत नसतील, तोंड आले असेल, थंडी वाजून ताप आला असेल, तर गोळी थांबवून ताबडतोब डॉक्टरांना कळवणे हाच नेम. इमॅटिनिब घेणाऱ्यांपैकी ज्यांच्या रक्तात दोन वर्षांहून अधिक काळ रोगाचा मागमूस नव्हता, अशा १०० जणांचे औषध फ्रान्समध्ये मुद्दाम थांबवून पाहिले गेले. वर्षभराने सुमारे चाळीस टक्के औषधावाचून ठीक होते. पण त्यांची तपासणी वारंवार होत होती आणि रोग डोकावताच औषध पुन्हा सुरू केले गेले. स्वतःच्या मनाने थांबवणाऱ्याला हे संरक्षण नसते.

डॉक्टरांच्या बाजूने म्हणाल, तर “गोळ्या नियमित घेता ना?” हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला “हो” हेच एक उत्तर आहे. वडीलधाऱ्या माणसाला उलट बोलू नये तसे डॉक्टरलाही. रुग्ण औषध घेतल्याविषयी खरे सांगत नाहीत, याकडे लक्ष ठेवावे, असे हिपॉक्रेटिसच्या नावावरील एका प्राचीन ग्रंथातही म्हटले आहे, तेव्हा तक्रार जुनीच. गोळ्या मोजून पाहाव्यात, तर ओपीडीला येण्याआधी उरलेल्या गोळ्या मोरीत टाकणारेही भेटतात. त्यापेक्षा “गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या? सगळ्यांच्याच राहतात,” असे विचारले की माणूस मोकळा होतो. भ्रमणध्वनीवर आठवणीचे संदेश धाडावेत, ही सूचना हल्ली सर्वत्र होते. अमेरिकेत सातशेहून अधिक स्त्रियांवर तोही प्रयोग झाला; आठवड्यातून दोनदा, तीन वर्षे संदेश गेले, आणि २०२० साली निष्कर्ष निघाला, की फारसा फरक पडला नाही. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. त्रासामुळे, भीतीमुळे किंवा लाजेमुळे जी गोळी राहते, ती आठवण करून दिल्याने घेतली जात नाही.

व्यवहारातल्या काही शंका भाषणानंतर नेहमी विचारल्या जातात, त्यांची उत्तरे आताच देतो. राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घेऊ नये. घेतल्यावर उलटी झाली, तर आपल्या मनाने दुसरी घेऊ नये, विचारावे. चतुर्थी, एकादशी वा रमजानचे रोजे असतील, तर ते आधीच डॉक्टरांना सांगावे, कारण उपाशीपोटी आणि भरल्यापोटी हा फरक किरकोळ नसतो. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील अबिराटेरोन तर उपाशीपोटीच घ्यायचे असते. तुपातल्या जेवणाबरोबर घेतल्यास ते दहा पटींपर्यंत अधिक शोषले जाते. आपल्या घरांत आम्लपित्ताची गोळी शेंगदाण्यासारखी खाल्ली जाते. डासाटिनिबसारखी औषधे तिच्यामुळे नीट शोषली जात नाहीत. काढे, भस्मे, जडीबुटी चालू असतील, तर संकोच न करता सांगावीत.

आणि आता ज्या कामात आपला हातभार लागू शकतो, त्याविषयी. लातूर, नांदेड, परभणीकडून कित्येक मराठी रुग्ण या शहरात उपचारासाठी येतात. त्यांच्या औषधाच्या पट्टीवर इंग्रजी असते, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, खिडकीवरचा माणूस तेलुगू किंवा उर्दूत सांगतो. इतक्या भाषांतून ‘सात दिवस बंद’ हे तीन शब्द त्या माणसापर्यंत कसे पोहोचावेत? शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाने मराठीत, मोठ्या ठळक अक्षरात, एका पानाची कार्डे तयार करावीत, अशी माझी विनंती आहे. त्यांवर औषधाचे नाव देवनागरीत, गोळ्यांची संख्या चित्राने, जेवणाआधी की नंतर, कोणत्या तारखेला सुरू आणि कोणत्या तारखेला बंद, आणि काय झाले तर लगेच फोन करायचा, एवढेच असावे. मेथोट्रेक्सेटच्या कार्डावर वाराचे नाव लिहावे. ‘आठवड्यातून एकदा’ यापेक्षा ‘फक्त बुधवारी’ हे अधिक नीट कळते. मजकूर कर्करोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. ते मी करीन. ज्याला वाचता येत नाही, त्याच्याही भिंतीवर कालनिर्णय असते आणि त्यावर दुधाचा हिशेब होतो. त्याच चौकटीत गोळी घेतली की रेघ, राहिली की गोल, अशी खूण घरातले पोरही करू शकते. आणि पुढच्या भेटीला ते पान फाडून आणले, की डॉक्टरला बरेच काही न विचारता कळते.

नमुन्याची दोन कार्डे मी सोबत आणली आहेत. ती मुख्याध्यापिकाबाईंकडे ठेवतो. आपले प्रश्न असतील तर अवश्य विचारा.